स्टुडिओच्या आधी आणि स्टुडिओच्या नंतर: मराठवाड्यातल्या नव्या गीतकार-संगीतकारांसाठी

परभणीत माझी ध्वनिमुद्रणाची एक लहान खोली आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेड, वसमत या भागांतून तिथे येणारे नवे कलावंत बहुधा एकाच पद्धतीने पैसे खर्च करून आलेले असतात. चित्रीकरणाची तारीख ठरलेली असते, ड्रोनवाल्याला इसार दिलेला असतो, अरेंजरकडून, म्हणजे वाद्यांची मांडणी करणाऱ्याकडून, ट्रॅक तयार झालेला असतो आणि दुसरा अंतरा मात्र अजून लिहायचा राहिलेला असतो. गाणे म्हणजे स्टुडिओतला तो एक दिवस, अशी समजूत त्यामागे असते. माझा अनुभव असा आहे की गाणे घडते ते त्या दिवसाआधीच्या आठवड्यांत आणि लोकांपर्यंत पोहोचते ते त्यानंतरच्या महिन्यांत. म्हणून या लेखात मुख्यतः त्या दोन काळांविषयी लिहिले आहे आणि यंत्रांविषयी गरजेपुरतेच.

सुरुवात शब्दांपासून करावी. चाल आधी की शब्द आधी, या वादात वेळ घालवू नये. दोन्ही मार्गांनी चांगली गाणी झाली आहेत. मात्र दोन्ही मार्गांत ऱ्हस्व-दीर्घाचे भान सुटले की अर्थ हातचा जातो. ‘सुत’ म्हणजे मुलगा. त्यातल्या ‘सु’वर चालीने लांब स्वर टाकला तर श्रोत्याला ‘सूत’ ऐकू येते आणि कापसाच्या या मुलखात त्याच्या डोळ्यांपुढे लेकराऐवजी चरखा उभा राहतो. ओळ कागदावर कितीही सुरेख दिसत असली तरी ती ठेक्यावर म्हणून पाहावी, आणि ज्या अक्षरावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते ते अक्षर अर्थाच्या दृष्टीनेही वजनदार आहे का, हे तपासावे. ‘आणि’, ‘तर’, ‘जे’ अशा शब्दांवर सम पडत असेल तर ओळ पुन्हा बांधणेच बरे.

ओळीचा शेवट हा याहून नाजूक भाग आहे. मराठी शब्दांतला शेवटचा ‘अ’ आपण बहुधा उच्चारत नाही. त्यामुळे ‘पाऊस’, ‘वावर’, ‘रान’ अशा शब्दांवर मुखडा संपला की स्वर लांबवायला जागा राहत नाही आणि गायक व्यंजनावर अडकतो. आपल्या आयाबायांनी जात्यावर हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. ओवीच्या ओळीला ‘बाई’, ‘गं’, ‘माय’ जोडले की ओळ जात्याच्या फेऱ्याशी बसते आणि गळाही मोकळा राहतो. नव्या गीतकाराने शक्य असेल तर गावातल्या एखाद्या आजीकडून ओव्या ऐकून घ्याव्यात, तिच्या परवानगीने फोनवर मुद्रित कराव्यात आणि ती कोणत्या शब्दावर श्वास घेते ते लिहून काढावे; गीतलेखनाच्या शिकवण्यांपेक्षा त्यातून जास्त हाती लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. वरच्या पट्टीत ‘ई’ चिरकतो आणि ‘आ’ किंवा ‘ओ’ खुलतो, हेही तिथे आपोआप कळते.

बोलीत लिहायचे असेल तर ती पूर्ण गाण्यात सांभाळावी. मुखड्यात ‘जायलो’ आणि अंतऱ्यात ‘जात आहे’ असे झाले की ऐकणाऱ्याला गाणारा माणूस खोटा वाटू लागतो. परभणीकडचे ‘करायलास’ आणि लातूरकडचे ‘करूलालास’ यांचीही भेसळ करू नये. ती त्या त्या जिल्ह्यातल्या माणसाला लगेच कळते.

पट्टी ठरवताना आपला गळा किती वर जातो, एवढेच पाहून चालत नाही. मुखडा समोरच्या माणसांना म्हणता आला पाहिजे. काळी चारमध्ये (हार्मोनियमवरची एक उंच पट्टी) तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, लावून दाखवणाऱ्या गायकाचे कौतुक होते, पण त्या मुखड्याला जलशात कोणी साथ देत नाही. म्हणून मुखडा मध्य सप्तकात ठेवून उंची अंतऱ्यात दाखवावी. हे सगळे जमले की हार्मोनियम आणि टाळी एवढ्यावरच गाणे फोनमध्ये मुद्रित करावे, ते दोन-चार माणसांना ऐकवावे आणि दुसऱ्या दिवशी न वाजवता त्यांना मुखडा आठवतो का, ते विचारावे. आठवत नसेल तर अरेंजरचा कितीही भारी ट्रॅक त्या गाण्याला वाचवत नाही.

आता यंत्रांकडे. आपल्याकडच्या खोल्यांना उघड्या भिंती आणि फरशी असते, पुष्कळदा वर पत्रे असतात. अशा खोलीत महागडा कंडेन्सर माइक लावला तर तो खोलीतला घुमारा, शेजारचा कूलर आणि रस्त्यावरची मोटारसायकल हे सगळे इमानाने टिपतो. शुअर एसएम ५८ सारखा साधा डायनॅमिक माइक अशा जागी अधिक उपयोगी ठरतो. ओठांपासून सुमारे वीतभर अंतरावर, थोडा तिरका धरावा. गायकाच्या मागे आणि बाजूंना गोधड्या, गाद्या टांगाव्यात. अंड्यांच्या ट्रेचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्या खालच्या कंप्रतेचा, म्हणजे जाड, आवाज शोषत नाहीत. उन्हाळ्यात पंखा बंद करून गाणे म्हणजे शिक्षाच असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही रात्री उशिरा किंवा पहाटे मुद्रण करतो. हेडफोनमध्ये सतत ‘हुं’ असा आवाज येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा आणि सदोष अर्थिंगचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले की पुष्कळदा तो जातो. भारनियमनाच्या दिवसांत ही सवय तशीही कामाला येते.

मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि पातळी शून्य डेसिबलला भिडू देऊ नये. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला तर पुरे. रीपर, ऑडेसिटी किंवा बँडलॅब यांपैकी जे सॉफ्टवेअर हाताला बसेल ते वापरावे, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. अंतिम मिश्रण अनेक जण हट्टाने कर्कश मोठे करून घेतात. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोन्ही गाण्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास आणतात, म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे तिथे पुन्हा खालीच येते आणि दाबल्यामुळे ढोलकीचा ठोका मात्र कायमचा मरतो. मिश्रण फोनच्या स्पीकरवर अवश्य ऐकावे. त्यावर संबळाचा खालचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा त्याच्या वरच्या कंप्रतांना थोडा उठाव द्यावा लागतो. काम संपले की शब्द, वाद्ये, ठेका यांचे वेगवेगळे ट्रॅक मागून घ्यावेत आणि दोन निराळ्या डिस्कवर ठेवावेत. हे ट्रॅक देण्याचे स्टुडिओशी पैसे ठरवतानाच बोलून घ्यावे, नंतर मागितले तर टाळाटाळ होते.

कागदपत्रांचा विषय मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. एखादा चॅनेलवाला चित्रीकरणाचा खर्च करतो, हातावर थोडी रक्कम ठेवतो आणि ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा एका ओळीच्या कागदावर सही घेतो. माझ्या ओळखीच्या एका गीतकाराचे गाणे कित्येक लग्नांच्या वरातींत वाजते, पण चॅनेलवर त्याचे नावसुद्धा नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार गीत लिहिताक्षणी आणि चाल मुद्रित किंवा स्वरलिपीबद्ध होताक्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिली: चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या आणि संगीताच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही, तो फक्त कायदेशीर वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. तेव्हा ‘रॉयल्टीचा हक्क सोडला’ असे वाक्य समोर आले तर या तरतुदीचा उल्लेख शांतपणे करावा.

एका गाण्यात तीन निराळ्या गोष्टी असतात: शब्द आणि चाल, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे सादरीकरण. शब्द आणि चालीचे पैसे गोळा करण्यासाठी १९६९ पासून असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, सदस्यत्व घ्यावे. ध्वनिमुद्रणाचे पैसे वितरकामार्फत, म्हणजे आपले गाणे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपनीमार्फत, येतात. आपण मित्रांनी मिळून गाणे केले असेल तर कोणाचा किती वाटा, हे मुद्रणाच्या आधी एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. दोस्तीत कशाला कागद, असे म्हणणारे नंतर बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

जुन्या रचना घेतानाही हाच हिशेब लागतो. एकनाथांच्या भारुडाचे किंवा जनाबाईंच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु त्यांना अलीकडच्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते. भारतात गीत आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांत वामनदादा कर्डकांची गीते आपण आपलीच मानून गातो आणि ते योग्यच आहे. पण ते २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे आणि त्यांचे गीत मुद्रित करून प्रकाशित करायचे असेल तर परवानगी लागते.

वितरकाकडे गाणे चढवताना नावाच्या लेखनात एकसारखेपणा ठेवावा. एका गाण्यात आडनावासह, दुसऱ्यात आडनावाशिवाय, तिसऱ्यात गावाचे नाव जोडून, असे केले की तीन वेगवेगळी कलाकार-पाने तयार होतात आणि श्रोते विखुरतात. शीर्षक मुखड्यातूनच घ्यावे, कारण आपले श्रोते फोनशी बोलून गाणे शोधतात आणि त्यांना मुखडाच आठवतो. मुखपृष्ठ ३००० गुणिले ३००० पिक्सेलचे असावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाची स्वतंत्र ओळख, मिळतो. तो वहीत लिहून ठेवावा, कारण वितरक बदलताना तोच क्रमांक पुढे दिला तर जुनी ऐकणी शक्यतो टिकतात. आणखी एक खबरदारी: ट्रॅकमध्ये बाजारात सर्वांना मिळणारा तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा वाद्यांचा तुकडा) वापरला असेल तर ते गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपला आवाज आपोआप ओळखणाऱ्या व्यवस्थेत, टाकू नये, नाहीतर तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांवर आपला दावा जातो आणि वाद ओढवतो.

उत्पन्नाच्या अपेक्षा मापात ठेवाव्यात. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकले गेल्याशिवाय त्याची रॉयल्टी मोजली जात नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तासांचे पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी दृश्ये लागतात. मराठवाड्यातल्या स्वतंत्र कलावंताचे घर अजून तरी सुपारीवर, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमांवर चालते. मुद्रित गाणे त्या सुपाऱ्या मिळवून देते, हाच त्याचा खरा मोबदला समजावा.

म्हणूनच प्रसाराचे वेळापत्रक पंचांगाकडे पाहून आखावे. १४ एप्रिलसाठीचे गाणे १० एप्रिलला आले तर ते वाया गेले, कारण बँडवाल्यांना आणि बेंजो पार्टीला ते बसवायला वेळच उरत नाही. असे गाणे मार्चच्या सुरुवातीला बाहेर यावे. नवरात्रासाठी आराधी गाणे करायचे असेल तर तुळजापूरच्या वाटेवर लोक निघण्याच्या कितीतरी आधी, गणपतीच्या दिवसांतच, ते तयार हवे. खंडोबाच्या गाण्याला माळेगावच्या यात्रेचे दिवस असतात आणि वारीच्या गाण्याला आषाढाआधीचा महिना. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी त्यांच्याकडे पोहोचावे लागते. वितरकाचा वेळ धरून मी तीन-चार आठवडे आधीच फाइल पाठवतो.

जिल्ह्यातल्या बँडवाल्यांना आणि भजनी मंडळांना गाण्याची पट्टी, ठेका आणि शब्द एका पानावर छापून द्यावेत, सोबत शब्दांविना ट्रॅक द्यावा. नुसती लिंक पाठवणे निष्फळ ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभरात अशा कितीतरी लिंका येतात आणि कोणी त्या उघडत नाही. परभणी, नांदेड, बीड, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव इथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. तिथल्या स्वरचाचणीत सुगम किंवा लोकसंगीतात श्रेणी मिळाली तर मानधनाबरोबरच महाविद्यालयांच्या आणि शासकीय महोत्सवांच्या आयोजकांपुढे ठेवायला एक विश्वासार्ह कागद हाती येतो.

डीजेवाले विचारल्याशिवाय गाण्याचे रिमिक्स करतातच. प्रत्येकाचा व्हिडिओ उतरवत बसण्यापेक्षा, गाणे पूर्ण स्वतःच्या वाद्यांवर केलेले असेल तर वितरकामार्फत कंटेंट आयडी चालू करावा आणि तिथे ‘अडवा’ऐवजी जाहिरातीचे उत्पन्न आपल्याकडे वळवण्याचा पर्याय निवडावा. ज्या डीजेचे काम बरे वाटते त्याला गाण्याची गती आणि मोकळ्या गायनाचा ट्रॅक आपणच द्यावा, आणि शीर्षकात गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे राहतील, एवढे त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लिहून घ्यावे.