यकृताच्या ऑपरेशननंतर रक्त तपासायला जाण्याआधी

यकृतातली कॅन्सरची गाठ काढून पेशंट घरी आला की दर तपासणीच्या दिवशी फोन सुरू होतात. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला मेहुणा, गडहिंग्लजची आत्या, पुण्याचा पुतण्या, सगळ्यांचा प्रश्न एकच: "एएफपी किती आलं?" एएफपी म्हणजे यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात बहुधा वाढणारं एक प्रथिन. नुसत्या आकड्यावरून पुढचं काही कळत नाही. मागचे आकडे आणि त्या वेळची तब्येत शेजारी लिहिलेली असली, तरच डॉक्टरांना अंदाज बांधता येतो. म्हणून तयारी आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी सुरू करा.

आधी एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर ऑपरेशनच्या आधीचा एएफपी लिहा. डिस्चार्ज कार्डावर नसेल तर जुने रिपोर्ट धुंडाळा, पण शोधाच. या कॅन्सरच्या साधारण तिघांतल्या एकाचा एएफपी मुळातच वाढलेला नसतो. अशा पेशंटचा आकडा नंतर नॉर्मल आला म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही, त्याची खरी मदार स्कॅनवर. ज्याचा आधी वाढलेला होता, त्याचा उतार मात्र बघण्यासारखा असतो. गाठ पूर्ण निघाली असेल तर आकडा साधारण पाच ते सात दिवसांत निम्मा होतो. आठवड्याला निम्मा धरला तर ८०० चे ४००, मग २००, १००, ५०, २५ असं करत दोन महिन्यांत तो नॉर्मलला टेकतो. मध्येच अडला किंवा खाली जाऊन पुन्हा चढू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

त्याच पानावर बायोप्सीच्या रिपोर्टातलं उतरवून घ्या: गाठ किती सेंटिमीटरची, एक की अनेक, कापलेली कडा मोकळी (म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नाहीत) आहे का, बारीक रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या होत्या का. या शेवटच्या ओळीला फार वजन आहे. पहिल्या दोन वर्षांत आजार उलटतो तो बहुधा अशा आधीच पसरलेल्या पेशींमुळे. त्यानंतरची गाठ बऱ्याचदा खराब झालेल्या यकृतात नव्याने धरलेली असते. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन आणि रक्त, आणि पुढेही साधारण सहा महिन्यांनी.

लॅब एकच ठेवा. राजारामपुरीत सवलत आहे म्हणून या वेळी तिथे आणि पुढच्या वेळी मुंबईत, असं केलं की आकडे जुळत नाहीत, कारण मशीन आणि पद्धत बदलते. एककही बघा. एका रिपोर्टात ८.३ आययू आणि दुसऱ्यात १० नॅनोग्रॅम दिसले तर घाबरू नका, दोन्ही जवळजवळ एकच आहेत.

आता आठवडाभर काय पाळायचं ते. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा, काही मशीनवर तिच्यामुळे एएफपी खोटाच कमी दिसतो. पिवका-टू ही याच कॅन्सरसाठीची दुसरी रक्ततपासणी सांगितली असेल तर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या आणि कावीळ याबद्दल लॅबमध्ये सांगा. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, फक्त सांगा. गुळवेलीचा काढा कुणी प्रेमाने आणून दिला असेल तर तो बाजूला ठेवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीने यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवले आहेत, आणि यकृत सुजलं की एएफपीसुद्धा वाढू शकतो. बुरशी धरलेले शेंगदाणे तर कुटालाही नकोत. बी कावीळ (हिपॅटायटिस बी) असेल तर तिची रोजची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि घरातल्या बाकीच्यांचीही बी काविळीची तपासणी आणि लस उरकून घ्या.

सर्दी, ताप, दाढदुखी, स्टिरॉइडचं इंजेक्शन, जे झालं असेल ते तारखेसकट वहीत हवं. कारण साध्या सीबीसीतूनही, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतूनही, डॉक्टर अंदाज घेतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर प्रमाण २. हे प्रमाण चढं असलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण दाढेत पू झाला तरी तेच प्रमाण ८ होईल! धोका कुठल्या आकड्याला सुरू होतो यावर एकमत नाही, तेव्हा घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसू नका. अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन यांच्यावरून उरलेलं यकृत किती काम करतंय याची श्रेणी काढतात, तीही डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

सकाळी पाणी पिऊन जा, शीर लवकर सापडते. एएफपीला उपाशी राहावं लागत नाही. साखर किंवा सीटी असेल तर विचारून घ्या. सीटीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) लागतं, आणि साखरेची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगायचं. जांभळ्या टोपणाची नळी सीबीसीची, निळ्याची आयएनआरची, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीची. चिठ्ठीवर पूर्ण नाव आणि वय तुमच्यासमोर लिहून घ्या. एकाच नावाचे दोन पाटील रांगेत असणं कोल्हापुरात नवलाचं नाही.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठणार असाल तर स्कॅनची सीडी आणि फिल्म हातातल्या पिशवीत ठेवा. नुसता छापील रिपोर्ट नेला तर डॉक्टर फोटोच मागतात. महात्मा फुले योजनेतून उपचार झाले असतील तर रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्सही त्याच पिशवीत.

एक गोष्ट निघायच्या आधी घरात ठरवा: आकडा पेशंटसमोर बोलायचा का. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवून मुलगा एकटाच आत जातो. मला ते पटत नाही. ज्याचं रक्त त्याला आकडा कळायला हवा. तरी त्यांनाच विचारा, आणि नको म्हणाले तर तेही वहीत लिहा, म्हणजे आत गेल्यावर डॉक्टरांना आधी तेवढं सांगता येईल.