जुन्या फर्निचरला घरीच रंग देताना: नव्याने आलेल्यांसाठी

नवीन देशात पहिले भाड्याचे घर मिळाले की सुरुवातीचे काही आठवडे गादी जमिनीवर आणि कपडे बॅगेतच असतात. मग कुणीतरी घर सोडून जाताना खणांचे एखादे कपाट देऊ करतो किंवा जुन्या सामानाच्या दुकानात एखादे टेबल नजरेत भरते, आणि आपण ते रंगवून नवे करू असे मनात येते. हा विचार चांगला आहे. मी स्वतः इतक्या वर्षांत अशी बरीच कपाटे, खुर्च्या आणि मांडण्या रंगवल्या, त्यांतल्या काही बिघडवल्याही. त्या अनुभवावरून सांगायचे तर हे काम रंगाचा डबा उघडण्याआधी निम्म्याहून अधिक झालेले असते, आणि जे उरते ते डबा बंद केल्यानंतर थांबण्याचे असते. नवख्या माणसाला घाई असते, कारण सामान ठेवायला जागा नसते. त्यामुळे चुका नेमक्या या दोन टोकांना होतात.

आधी वस्तू निवडण्याविषयी. फर्निचर समोरून पाहण्यापेक्षा मागून आणि खालून पाहावे. एक खण पूर्ण बाहेर काढून त्याची कड पाहिली की वस्तू कशाची आहे ते कळते: पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर ते अस्सल लाकूड, कडेला वेगळी पातळ पट्टी चिकटवलेली दिसली तर विनिअर (लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा) किंवा सनमायका, आणि आत दाबलेला भुसा दिसला तर भुशाचा बोर्ड. तिन्हींना रंग देता येतो. मात्र भुशाचा बोर्ड पाणी पिऊन एकदा फुगला की तो पुन्हा बसत नाही, आणि कितीही लांबी (खाचा बुजवायची पुट्टी) भरली तरी ती फुगवटी रंगाखालून दिसतच राहते. पायाजवळचा भाग बोटाने चाचपून पाहावा. तिथे बोर्ड भाकरीसारखा पोकळ फुगलेला लागला तर फुकट मिळत असले तरी सोडून द्यावे.

ढेकणांची तपासणी घरात आणण्यापूर्वीच करावी, आणि ती संकोच न करता देणाऱ्याच्या देखत करावी. खणांच्या सरकपट्ट्या, स्क्रूची छिद्रे, मागच्या पातळ फळीची कड आणि सांधे या जागा टॉर्चच्या प्रकाशात पाहाव्यात, आणि फटीतून एखादे जाड कार्ड फिरवावे. शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग, सोललेली तपकिरी कातडी किंवा पांढरी बारीक अंडी दिसली तर विषय तिथेच संपला. ढेकूण रक्ताविना कित्येक महिने काढू शकतो, त्यामुळे वस्तू बरेच दिवस गोदामात पडून होती हे आश्वासन पुरेसे नाही. लाकडाला एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे असून खाली ताजी पिठूळ भुकटी पडत असेल तर आत किडा जिवंत आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट शिशाची. जुन्या तैलरंगांत शिसे सर्रास वापरले जात असे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली आणि इतर देशांनी ती आपापल्या वेळी घातली. एखाद्या फार जुन्या वस्तूवर रंगाचे जाड थरांवर थर असतील आणि त्यांचे पोपडे निघत असतील, तर ती कोरडी घासू नये. ती धूळ श्वासावाटे आणि हातांवाटे शरीरात जाते, आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक असतो. घरात मूल असेल तर अशा वस्तूचा मोह टाळावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

काम कुठे करणार हेही आधी ठरवावे. भाड्याच्या घरात बैठकीच्या गालिच्यावर वर्तमानपत्र पसरून रंगवणे म्हणजे अनामत रकमेवर पाणी सोडण्यासारखे आहे, कारण वर्तमानपत्रातून रंग झिरपतो. जाड कापड किंवा प्लॅस्टिकवर पुठ्ठा असे दोन थर अंथरावेत. खिडक्या उघडता आल्या पाहिजेत, आणि जागेचे तापमान साधारण दहा अंशांच्या वर राहिले पाहिजे; त्याखाली पाण्यात मिसळणारा रंग नीट जमत नाही, तो खडूसारखा भुसभुशीत होतो. थंड प्रदेशात आलेल्यांच्या हे लक्षात राहत नाही. दुपारी ऊन पडलेले असते म्हणून गच्चीत काम सुरू करतात आणि रात्री गारठ्यात ओला रंग तसाच सोडून देतात.

आता सोडवणे. हँडल, कड्या, बिजागऱ्या सगळे काढावे. त्यांच्यावर रंग फासून टाकणे हा आळस कायमचा दिसतो. प्रत्येक खणाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक लिहावा, कारण जुन्या कपाटात प्रत्येक खण आपापल्याच घरात नीट बसतो. हँडल नवी घ्यायची असतील तर दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून न्यावे. बरीचशी हँडल ९६ किंवा १२८ मिलिमीटरच्या मापात येतात. जुने माप जुळत नसेल तर जुनी छिद्रे रंगाआधी लांबीने बुजवावी लागतील, नंतर नव्हे.

मग धुणे, ज्याला लोक सर्वांत कमी वेळ देतात. जुन्या फर्निचरवर हातांचे तेल, वाफेतून बसलेला चिकटपणा आणि वर्षानुवर्षे फवारलेले पॉलिश असते. त्या पॉलिशमध्ये सिलिकोन असेल तर नवा रंग त्यावर टिकत नाही, मागे सरकतो आणि जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. कोमट पाण्यात तेलकटपणा काढणारा साबण घालून पिळलेल्या फडक्याने सर्व भाग पुसावा, फडके काळे येईनासे होईपर्यंत पुसावा, आणि त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून साबण काढावा. हँडलभोवतीचा भाग सर्वांत मळकट असतो. रंगाचे पहिले पोपडेही तिथूनच निघतात.

वाळल्यावर सँडपेपर. घासण्याचा उद्देश जुना थर उतरवणे हा नसून त्याची तकाकी मोडणे हा आहे, म्हणजे नव्या रंगाला धरायला जागा मिळते. खडबडीत जागी १२० नंबरचा कागद आणि एरवी १८० ते २२० नंबरचा पुरतो; हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. विनिअर अनेकदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते, तिथे कोपऱ्यावर जोर दिला की खालचा बोर्ड उघडा पडतो. धूळ ओलसर फडक्याने टिपावी आणि तोंडावर मास्क असावा. खाचा, जुनी छिद्रे यांत लांबी भरावी. ती वाळताना आक्रसते, म्हणून किंचित उंच ठेवून नंतर घासून सपाट करावी.

जुना थर कशाचा आहे हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस आतल्या एखाद्या कोपऱ्यावर चोळणे. रंग कापसावर उतरला तर तो पाण्यात मिसळणारा रंग आहे. पारदर्शक पॉलिश विरघळून चिकट झाले तर ते लाखेचे आहे. काहीच झाले नाही तर बहुधा तैलरंग किंवा कठीण वॉर्निश आहे. तैलरंगाच्या गुळगुळीत थरावर पाण्यातला रंग थेट दिला तर तो महिन्याभरात नखाने साल निघावी तसा निघतो. त्यासाठी अस्तराचा हात हवा.

अस्तर म्हणजे प्राइमर, रंगाच्या आधी द्यायचा थर. त्याबाबतची माझी चूक सांगते. लालसर लाकडाचे एक कपाट मला पांढरे करायचे होते. पाण्यातले साधे अस्तर लावले, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला, आणि रात्री समाधानाने झोपले. सकाळी वरच्या खणावर पातळ चहा सांडल्यासारखे गुलाबी-तपकिरी डाग उमटलेले होते. आणखी एक हात दिला. डाग पुन्हा वर आले, गाठीभोवती तर अगदी कडे धरून. महोगनी, ओक यांसारख्या लाकडांतली रंगद्रव्ये आणि टॅनिन (लाकडातले तुरट, डाग पाडणारे द्रव्य) पाण्यात विरघळतात, त्यामुळे पाण्यातला प्रत्येक नवा हात त्यांना वर येण्यासाठी वाटच करून देत होता. शेवटी लाखेवर बनलेले अस्तर आणले, जे स्पिरिटमध्ये विरघळवलेले असते. त्याच्या एका हाताने डाग अडले, दुसरा केवळ खात्रीसाठी दिला. जुन्या सिगारेटच्या धुराचा वासही हेच अस्तर कोंडून टाकते. त्याचा स्वतःचा वास मात्र उग्र असतो आणि स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून खोलीत कुठलीही ज्योत किंवा तापलेला हीटर नको.

रंग घ्यायला गेल्यावर डब्यावरची भाषा परकी असते, आणि दुकानदार जे सुचवतो ते त्याच्याकडे जास्त शिल्लक आहे म्हणून की आपल्याला योग्य म्हणून, हे समजत नाही. अशा वेळी डब्यावर चार गोष्टी शोधाव्यात. ब्रश कशाने धुवायचा, पाण्याने की टर्पेंटाइनने, यावरून रंगाची जात कळते. दुसरा हात किती तासांनी द्यायचा आणि किमान तापमान किती, हे दोन आकडे जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतात. चौथा आकडा म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतात. तो बहुधा दहा-बाराच्या घरात असतो. ८० सेंटीमीटर रुंद, ८० उंच आणि ४५ खोल कपाटाची समोरची बाजू, दोन बगला आणि वरची फळी मिळून जेमतेम पावणेदोन चौरस मीटर होतात. दोन हातांना अर्धा लिटर पुरून उरतो. मी पहिल्यांदा अडीच लिटरचा डबा घेतला होता, आणि तो पुढे तीन घरे माझ्याबरोबर फिरला. भिंतींचा उरलेला रंग फर्निचरला वापरू नये, तो घर्षण सोसत नाही. लाकूड आणि धातूसाठीचा पाण्यातला इनॅमल, मध्यम तकाकीचा, हा नवशिक्यांसाठी सर्वांत समजूतदार पर्याय आहे. खडूच्या पोताचा मॅट रंग सध्या लोकप्रिय आहे, परंतु त्यावर मेण किंवा पारदर्शक थर द्यावाच लागतो, नाहीतर ओल्या पेल्याचे वर्तुळ उठते.

पाण्याच्या रंगाला कृत्रिम केसांचा ब्रश घ्यावा. नैसर्गिक केस पाणी शोषून फुलतात आणि फराटे पडतात. सपाट भागांना स्पंजचा छोटा रोलर चालतो. ब्रश केसांच्या एक-तृतीयांश लांबीपर्यंतच बुडवावा, रंग पसरवून झाला की शेवटचा हलका फटकारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता द्यावा, आणि मग त्या जागेकडे परत जाऊ नये. अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवण्याचा मोह फार होतो, आणि त्यानेच सगळ्यात जास्त काम खराब होते. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. जाड हाताचे ओघळ उभ्या बाजूंवर गोठतात. दोन हातांमध्ये ३२० नंबरचा कागद हलकेच फिरवला की बोटांना फरक जाणवतो. खणांच्या बगला आणि सरकपट्ट्या रंगवू नयेत, कारण रंगाच्या थराने खण अडकतो. तिथे मेणबत्ती घासावी.

यापुढे थांबण्याची परीक्षा. रंग वाळणे आणि पक्का होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यातला इनॅमल तासा-दोन तासांत हाताला कोरडा लागतो, पण आतून कठीण होण्यास त्याला दोन ते चार आठवडे लागतात. मी एकदा तिसऱ्याच दिवशी मांडणीवर पुस्तके रचली होती. महिन्याने एक पुस्तक ओढले तेव्हा त्याच्या कव्हराचा कागद फळीवरच राहिला, आणि त्याजागी अक्षरे उलटी उमटली होती. म्हणून पहिले काही दिवस मांडणी रिकामी ठेवावी, खण किंचित उघडे ठेवावेत, वरच्या फळीवर जड वस्तू ठेवू नये, आणि महिनाभर ओल्या फडक्याने घासू नये. सामान बॅगेतच राहील, हे खरे आहे. पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर संरक्षक थर द्यायचाच असेल तर तो पाण्याचा घ्यावा. तेलाचा पारदर्शक थर काळाबरोबर पिवळा पडतो.

खणांचे उंच कपाट भिंतीला कोनाने किंवा पट्टीने बांधून ठेवावे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. खण ओढून त्यावर चढणाऱ्या मुलांच्या अंगावर कपाटे पडतात. भिंतीला छिद्र पाडण्यासाठी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. जवसाचे तेल किंवा तेलाचे पॉलिश वापरले असेल तर ती फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नयेत. ती वाळताना स्वतःच तापून पेट घेऊ शकतात, म्हणून बाहेर मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवावीत. उरलेला रंग मोरीत ओतायचा नसतो. अनेक शहरांत रंग आणि रसायने स्वीकारणारी वेगळी केंद्रे असतात, त्यांचे दिवस नगरपालिकेच्या माहितीत मिळतात. तत्पूर्वी एका लहान काचेच्या बरणीत थोडा रंग काठोकाठ भरून, झाकणावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. पुढचे घर बदलताना जिन्यात कपाटाचा एखादा कोपरा खरचटणारच आहे.