करवंटीच्या वस्तू घडताना बघायला जाताय? या चुका टाळा

करवंटीकाम करणाऱ्या कारागिराच्या दारात पाहुणे आले की त्यांची पावलं थेट तयार वस्तूंच्या मांडणीकडे वळतात. दिवे, वाट्या, केसांचे चाप, बटणं. पाच मिनिटांत दोन वस्तू उचलल्या, पैसे दिले, निघाले. मग महिन्याभरात वाटीला तडा जातो किंवा आतून बुरशी धरते, आणि ‘हाताचं काम टिकत नाही’ असं बोलून लोक मोकळे होतात. मला हे ऐकवत नाही. वस्तू टिकणार की नाही हे बरंचसं कच्च्या करवंट्यांच्या ढिगापाशीच कळतं, पण तिथे कुणी थांबतच नाही.

ढीग न बघता मांडणीकडे धावणं

ही सगळ्यात मोठी चूक. आधी ढिगाजवळ बसा आणि दोन-चार करवंट्या हातात घ्या. शहाळ्याची करवंटी फिकट, पातळ आणि ओलसर असते. वाळताना ती आक्रसते आणि वाकडी होते. नारळ झाडावर पुरता तयार व्हायला सुमारे १२ महिने लागतात. तोवर करवंटी गर्द तपकिरी आणि टणक होते, जाडी साधारण ३ ते ६ मिलिमीटर भरते. वस्तू करायची ती याच करवंटीची.

मग विचारा, ‘दादा, वाळवता कुठे, उन्हात की सावलीत?’ कडक उन्हात घाईने वाळवलेली करवंटी आतून-बाहेरून सारखी सुकत नाही आणि तडकते. हा प्रश्न विचारला की कारागीर हातातलं काम थांबवून तुमच्याकडे बघतो. पुढच्या गप्पा खऱ्या रंगतात त्या इथून.

एकदा मी असाच ढिगाजवळ बसलो होतो. समोरच्या कारागिराने अर्धी करवंटी गुडघ्याला टेकवली आणि हॅक्सॉ ब्लेडच्या तुटक्या तुकड्याने वरचा काथ्या खरवडायला घेतला. खर्र खर्र. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०, २२०, ४००. आकडा वाढतो तशी कागदाची खर बारीक होत जाते. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचे ओरखडे पुसायचे असतात. मधला एक जरी गाळला तरी ते ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात. शेवटी त्याने बोटावर तेलाचा एक थेंब घेऊन फिरवला, आणि त्या मातकट राखाडी करवंटीतून कॉफीसारखा गडद रंग आणि गवताच्या काडीएवढ्या फिकट रेषा वर आल्या. तो क्षण बघायचा असेल तर हातात निवांत दोन तास हवेत.

न कळवता जाणं

रोज सगळी कामं चालत नाहीत. एक दिवस नुसती कापणी, एक दिवस घासणं, एक दिवस वॉर्निश. आधी फोन करून विचारा. वॉर्निशच्या दिवशी गेलात तर वासाशिवाय फारसं काही मिळणार नाही, आणि ओल्या वस्तूला बोट लागलं तर त्यांची मेहनत वाया जाईल.

कापणी-घासणीच्या दिवशी मास्क लावा. करवंटीची पूड पिठासारखी बारीक असते, नाकातून थेट आत जाते. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस फिरत्या बफिंग चाकापासून, म्हणजे वस्तूला चकाकी आणणाऱ्या चाकापासून, लांब ठेवा. फोटो विचारूनच काढा, आणि ब्लेड चालू असताना फ्लॅश मारू नका. नजर हलली की बोट जातं.

‘सहाच्या सहा अगदी सारख्या द्या’

नारळ साच्यातून निघत नाहीत. एकाच नारळाचे दोन अर्धेही वेगळे असतात, कारण एकाकडे तीन डोळे येतात. जवळपास सारखं माप निवडून मिळेल, तंतोतंत मागू नका. घासाघीसही करू नका, निदान ते घासणं डोळ्यांनी पाहिल्यावर तरी.

घेताना न तपासणं

बोटाने टिचकी मारा. धड करवंटी टणटणीत वाजते, तडा असेल तर आवाज बद्द येतो. काळीभोर वस्तू असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. रंग दिलेला असला तर फडक्यावर उतरू शकतो.

पेला किंवा वाटी असेल तर डोळ्यांची बाजू बघा. तीनपैकी एक डोळा मऊ असतो, कोंब तिथूनच फुटतो. ते भोक करवंटीची पूड आणि गोंद यांनी बुजवतात. पाणी भरून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर दुसरी घ्या.

आणि हे विचाराच: ‘ही वापरायची आहे की शोभेची?’ मी एकदा विचारलं नाही. चकचकीत वाटीत गरम पाणी ओतलं आणि वॉर्निशवर पांढरट डाग उठले. वाटी शोभेची होती.

घरी आणल्यावर

बुरशी आली तर बहुधा आत खोबऱ्याचा पापुद्रा राहिलेला असतो किंवा वस्तू ओलीच ठेवलेली असते. वॉर्निश नसलेली वस्तू असेल तर तो पापुद्रा खरवडा, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा, ४०० नंबरचा कागद हलकेच फिरवा आणि तेलाचा हात द्या. तेल अगदी थोडं लावा. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढलं नाही तर वस्तू चिकट होते आणि धूळ धरते. पाण्यात भिजत घालणं, मायक्रोवेव्ह, भांडी धुण्याचं मशीन, तिन्ही बंद.

शोभेच्या वस्तूला बारीक तडा गेला तर फेकू नका. निघतानाच कारागिराकडून कागदाच्या पुडीत चिमूटभर करवंटीची पूड मागून आणा, ती आनंदाने देतात. तड्यात पूड दाबायची, वर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडायचा, पक्कं वाळलं की २२० आणि मग ४०० नंबरने घासायचं. तेल लावल्यावर तडा कुठे होता ते शोधावं लागतं.