अपुऱ्या स्टाफच्या वॉर्डात नर्सिंगची नोकरी: टिकून राहावं की सोडावी, कसं ठरवाल?

सलग नाइट करून आल्या-आल्या राजीनामा लिहायला बसू नका. लिहावासा वाटतो, हे मान्य. पण आधी झोप काढा, एखादा ऑफ जाऊ द्या आणि मग या प्रश्नाकडे बघा. निर्णय कदाचित तोच निघेल, फक्त तो तुम्ही शुद्धीवर घेतलेला असेल.

आधी दमणूक आणि धोका वेगळे करा

नर्सिंग दमवणारंच काम आहे. पाय दुखणं, जेवण थंड होणं, नातेवाइकांची बोलणी खाणं हे चांगल्या रुग्णालयातही घडतं. ‘मी किती थकते’ यावरून नोकरी असुरक्षित आहे की नाही हे ठरत नाही. रुग्णाला जे मिळायला हवं ते मिळतंय का, हे बघा.

धोक्याच्या खुणा ओळखीच्याच असतात. इन्सुलिन किंवा हेपॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) देण्याआधी दुसऱ्या नर्सने तपासायचं असतं, पण दुसरी नर्स वॉर्डात असतेच कुठे? मग दोन्ही सह्या एकाच हाताच्या होतात. पहाटे चारचं बीपी घ्यायला वेळ मिळत नाही आणि सहाला ओव्हर देण्याआधी (म्हणजे पुढच्या शिफ्टच्या नर्सकडे रुग्ण सोपवण्याआधी) चार्टवर ‘१२०/८०’ ओळीने उतरतं. व्हेंटिलेटरचा अनुभव नसलेल्या मुलीला ‘आजच्या दिवस सांभाळून घे’ म्हणून आयसीयूत पाठवतात.

सगळ्यात आधी जे सुटतं ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही: रुग्णाची कूस बदलणं, त्याला भरवणं, चालवणं, घरी जाताना औषधं नीट समजावून सांगणं. इंजेक्शन चुकलं तर आरडाओरडा होतो. कूस बदलायची राहिली तर काही दिवसांनी बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, दिसतो आणि तेव्हा ड्युटीवर भलतंच कुणी असतं.

‘तुझं टाइम मॅनेजमेंट कमी पडतं’ असं ऐकवलं जात असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात असं दिसलं की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये नर्समागे एकेक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही आकडा ७ टक्क्यांच्याच आसपास आला. आणि कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागे जास्तीत जास्त किती रुग्ण हे नियमानेच ठरलेलं आहे: आयसीयूत २, प्रौढांच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून ५. तो नियम तुमच्या रुग्णालयाला लागू नसेल, पण आपण किती लांब उभे आहोत हे मोजायला उपयोगी पडतो.

महिनाभर नोंद ठेवा

छोटी वही पुरते. तारीख, शिफ्ट, किती रुग्ण, किती नर्स, त्यात गंभीर किती, काय राहून गेलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. रुग्णाचं नाव किंवा केस पेपरचा फोटो यात कधीही नको. ग्रुपवर तर अजिबात नको. धोका दाखवायला निघालेल्या माणसावर गोपनीयता मोडल्याचा ठपका येणं फार सोपं असतं.

महिन्याने वही वाचा. दोघीजणी आजारी होत्या म्हणून वाईट गेलेला एक आठवडा वेगळा. रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) लिहितानाच दोन नर्स कमी धरलेल्या असतील तर ती अडचण राहिलेली नाही, तीच तिथली पद्धत झाली आहे.

लेखी सांगा आणि उत्तर नीट ऐका

माझ्या मते सगळा निर्णय या पायरीवर ठरतो. तोंडी कुरकुर सगळेच करतात आणि ती वॉर्डातच विरते. वॉर्डच्या इन्चार्जला, मेट्रनला (नर्सेसच्या प्रमुखांना), इन्सिडंट रिपोर्टच्या (घडलेल्या प्रकाराची नोंद करायच्या) अर्जावर लिहून द्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा. भावना बाजूला, फक्त घडलेलं. साधारण असं:

‘आज रात्री वॉर्डात ३४ रुग्ण, २ नर्स. ३ रुग्ण ऑक्सिजनवर. दोन वाजताच्या औषधांना ५० मिनिटं उशीर. इन्सुलिनची दुहेरी तपासणी करता आली नाही. आणखी एक नर्स द्यावी किंवा नवीन ॲडमिशन थांबवाव्यात.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नर्स मिळत नाहीत हे व्यवस्थापनाचं म्हणणं खरंही असू शकतं. पण बेड बंद ठेवता येतात, ॲडमिशन दुसरीकडे वळवता येतात, फार्मसीच्या फेऱ्या आणि फायलींचं काम नर्सकडून काढून घेता येतं. ज्यांना खरंच काळजी आहे ते यातलं काहीतरी लगेच करतात. ‘सगळीकडे असंच आहे’ हे उत्तर दोन-तीनदा आलं की पुढच्या वर्षी काय असेल याचा अंदाज आलाच. आणि लिहून दिल्यावर तुमच्याच नाइट वाढल्या, तर वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

काही बाबतींत महिनाभर थांबू नका

न घेतलेल्या नोंदी भरायला किंवा झालेली चूक लपवायला सांगितलं जातं, न शिकलेलं काम दटावून करायला लावतात, डबल ड्युटीला नाही म्हणायची सोयच नाही: अशा ठिकाणी रुग्णाबरोबर तुमचं रजिस्ट्रेशनही पणाला लागतं. सही तुमची असते. शरीराकडेही बघा. सलग १७ तास जागं राहिलं की हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं चालतं, असं १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. डबल ड्युटीच्या शेवटच्या तासांत औषध मोजताना हे आठवा. घरी गाडी चालवत जातानाही.

राहता राहिला अपराधी भाव: ‘मी गेले तर बाकीच्यांवर लोड येईल.’ येईल, खोटं कशाला बोलायचं? पण रिकामी जागा भरणं हे तुमचं काम नाही, आणि तुमच्या मैत्रीवर रोस्टर चालवणाऱ्यांना याची चांगली कल्पना असते.

सोडायचं ठरलं तर

आधी त्याच रुग्णालयात दुसरा वॉर्ड, ओपीडी किंवा कमी तास मिळतात का ते विचारा. कधीकधी रुग्णालय ठीक असतं आणि एकच वॉर्ड बिघडलेला असतो. करारातला नोटीस पीरियड आणि बाँड वाचा. मूळ प्रमाणपत्रं आणि रजिस्ट्रेशनची मुदत तपासा. शक्य असेल तर नवी नोकरी हातात घेऊनच निघा, नाहीतर काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

मुलाखतीत सरळ विचारा: रात्री किती रुग्णांमागे किती नर्स? कुणी आजारी पडलं तर कोण येतं? नव्या माणसाला किती दिवस सोबत शिकवतात? आकडा न सांगता ‘आमची टीम घरच्यासारखी आहे’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. वॉर्ड दाखवला तर क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषध-उपकरणांच्या ट्रॉलीच्या) तपासणीच्या वहीवर नजर टाका. आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने एकाच बैठकीत केलेल्या ओळखू येतात.

कितीही संताप आला तरी रुग्णांची जबाबदारी घेतल्यावर मधेच ड्युटी टाकून निघू नका. राजीनामा देणं हा हक्क आहे. ओव्हर न देता जाणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं, आणि अनेक ठिकाणी त्यावर कारवाई होते. राजीनामा दोन ओळींचा पुरे. कारण विचारलं तर वहीतले आकडे सांगा. शेवटच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या आणि नियंत्रित औषधांचा साठा समोरच्यासमोर मोजून द्या, आणि रजिस्टरवर घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.