किरुनाच्या पद्धतीने भूमिगत लोहखनिज कसे काढावे

स्वीडनमधील किरुना येथे 1960च्या दशकात उघडी खाण मागे पडून काम जमिनीखाली गेले. तिथल्यासारख्या जाड, तिरप्या खनिजपट्ट्यात एकाखाली एक आडवे बोगदे खणून, त्यांच्या छतात पंख्याच्या आकारात वर जाणारी छिद्रे पाडावीत, त्यांत स्फोटके भरावीत आणि स्फोट रात्री, तो भाग रिकामा करूनच, घडवावा. खनिज उपसताना वरचा निरुपयोगी खडक मागोमाग कोसळतो. खरे कसब इथेच लागते. मॅग्नेटाइट हे लोहखनिज दगडापेक्षा जड असल्यामुळे लोडरच्या बकेटचे वजन घटू लागले, की दगड मिसळतो आहे असे समजून उपसा थांबवावा. मग खनिज उभ्या विवरांतून मुख्य पातळीवर सोडावे, रेल्वेने क्रशरपर्यंत न्यावे आणि फोडून वर ओढावे. जमिनीच्या हालचालीची मोजणी मात्र सुरुवातीपासून ठेवावी, कारण ही पडझड पृष्ठभागापर्यंत पोहोचते. किरुनात तर शहराचा मध्यभागच हलवावा लागला.