रेकॉर्डेड कॉल सोडताय? आधी या चुका टाळा

गेल्या वर्षी ऐन ऑक्टोबर छाटणीत तासगावच्या आमच्या दाजींच्या फोनचं आउटगोइंग बंद झालं. खतं-औषधांचं दुकान आहे त्यांचं, बागायतदारांचे फोन येत होते पण मिस्ड कॉल दिसला तरी यांना उलट लावता येईना, पोरगा शेजारच्या दुकानातून फोन मागून आणायचा. कारण काय, तर एका ॲपमधून स्वतःच्याच दहा आकडी नंबरवरून सगळ्या गिऱ्हाइकांना 'नवीन माल आलाय' असा रेकॉर्डेड कॉल सोडलेला.

सांगली-मिरजेत क्लासवाले, फ्लॅटवाले पण हेच करायला लागलेत म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक हीच, साधा मोबाईल नंबर. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिचे 2018 चे नियम आहेत, जाहिरातीचा कॉल 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच जायला पाहिजे, त्यासाठी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटीवर (असे कॉल-मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदणीचं ऑनलाइन पोर्टल) रजिस्टर व्हावं लागतं, आणि ऑटो डायलर (आपोआप एकामागून एक नंबर लावणारी यंत्रणा) वापरणार असाल तर तेही कंपनीला अगोदर कळवायचं. फेब्रुवारी 2025 ला हे अजून कडक झालं. 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या की कारवाई, पहिल्यांदा तुमच्या सगळ्या कनेक्शनचं आउटगोइंग 15 दिवस बंद आणि परत केलं तर वर्षभर कनेक्शनच तोडतात, नाव काळ्या यादीत. दाजी म्हणाले दुसऱ्या सिमवरून लावू, पण तेही त्यांच्याच नावावर!

दुसरी चूक म्हणजे 'आमचीच गिऱ्हाइकं आहेत की, त्यांना काय विचारायचं'. अहो, बिलासाठी नंबर दिला म्हणजे जाहिरातीला परवानगी दिली असं होत नाही. डीएनडी, म्हणजे 'जाहिरातीचे कॉल नकोत' अशी नोंद, लावलेल्या माणसाला तर अजिबात नको. परवानगी रीतसर नोंदवून घ्या.

आता ज्यांना असले कॉल येतात त्यांचं. नुसतं ब्लॉक करून गप्प बसू नका, ब्लॉक म्हणजे तक्रार नव्हे, ते लोक उद्या दुसऱ्या नंबरवरून लावतात. 1909 वर कॉल किंवा एसएमएस करा, नाहीतर ट्रायचं डीएनडी ॲप आहे. डीएनडी लावलेलं नसलं तरी आता तक्रार घेतात. मुदत 7 दिवसांची आहे, आणि कुठला नंबर, कुठल्या तारखेला, हे सांगावं लागतं, तेव्हा रागाच्या भरात कॉल लॉग पुसू नका.