धानाचा वाण बांधी बघून निवडा

पूर्व विदर्भात मृगाच्या सरी पडल्या की पऱ्हे टाकायची (रोपांसाठी धानाचे बी पेरायची) घाई सुरू होते आणि बियाण्याच्या दुकानात एकच प्रश्न असतो, यंदा कोणता धान घ्यायचा? थैली घेण्याआधी आपल्या प्रत्येक बांधीतले (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातले) पाणी कधी आटते ते आठवा. वरच्या अंगाच्या मुरमाड बांधीत पाऊस थांबला की आठवड्याभरात भेगा दिसू लागतात. तलावाखालच्या खोलगट बांधीत दिवाळीच्या तोंडावरही पाय रुततो. दोन्हीकडे एकच वाण लावला तर वरच्या बांधीचा धान लावतानाच निम्मा गेला असे समजा.

हिशेब बोटांवर होतो. निसवल्यापासून (लोंबी बाहेर पडल्यापासून) कापणीपर्यंत साधारण 30 दिवस लागतात, वाण हलका (लवकर येणारा) असो की भारी (उशिरा येणारा). 20 जूनला पऱ्हे टाकले आणि वाण 145 दिवसांचा असला (स्वर्णा याच गटातला), तर तो 13 ऑक्टोबरच्या आसपास, चित्रा नक्षत्रात निसवेल. तोवर मान्सून बहुधा विदर्भातून परतलेला असतो. तेच एमटीयू 1010 सारखा 115 ते 120 दिवसांचा वाण सप्टेंबरच्या मध्याला, उत्तरा नक्षत्रात निसवतो आणि हस्ताच्या पावसावर त्याचा दाणा भरतो. म्हणून वरच्या बांधीत हलका, मधल्या बांधीत मध्यम, आणि तलावाचे किंवा कालव्याचे पाणी नक्की मिळते तिथेच भारी धान लावा.

निसवणीवर एवढा भर देण्याचे कारण आहे. फुटव्यांच्या वेळी पाण्याचा ताण पडला तर पुढच्या पावसात पीक बरेच सावरते. पोटरीतला, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणात फुगत असतानाचा, ताण मात्र भरून निघत नाही. निसवण्याच्या 10-12 दिवस आधी, लोंबी पोटरीत असतानाच, परागकण तयार होत असतात. त्या दिवसांत पाणी तुटले की पराग वांझ राहतात, लोंबीचा दांडा लांबत नाही, खालचे दाणे पानाच्या आवरणातच अडकतात. पीक वरून हिरवेगार दिसते आणि मळणीला हातात पळींज, म्हणजे पोकळ दाणे, येते.

वाणावाणांत फरक पडतो तो इथेच. हलका वाण दुष्काळाच्या आधीच निघून जातो. काही वाण मुळे खोल सोडतात, पाने लवकर गुंडाळून ओल जपतात. काही तर ताणातही पराग टिकवून धरतात. सहभागी धान हा वाण हजारीबागच्या संशोधन केंद्रातून 2010 मध्ये पावसावरच्या उंच जमिनींसाठी आला. तो 105 ते 110 दिवसांचा आहे आणि ताणात त्याची लोंबी बऱ्यापैकी भरते. डीआरआर धान 42 हा आयआर 64 या वाणात दुष्काळ सोसणारे जनुकीय भाग आणून तयार केला आहे. हे वाण आपल्या भागात नवीन असतील तर पहिल्या वर्षी एकाच बांधीत लावून बघा. आपल्याकडे गादमाशी या किडीचा त्रास मोठा, त्यामुळे तुमच्या बांधीत वाण तिच्यापुढे कसा टिकतो तेही पाहायला हवे. आणि दुष्काळ सोसणारा वाण म्हणजे बिनपाण्याचा वाण नव्हे. पोटरीत एक पाणी त्यालाही लागतेच.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी हा वाण भावाला चांगला, खायलाही बारीक, तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण त्याला ओल धरणारी बांधी द्या.

पऱ्हे एकाच दिवशी सगळे टाकू नका. निम्मे आज, निम्मे 10-12 दिवसांनी. पाऊस लांबला तरी रोवणीला 21 ते 25 दिवसांचे रोप हाताशी राहते. रोप म्हातारे झालेच तर एका जागी एक-दोन काड्या जास्त लावा आणि अंतर थोडे कमी करा, कारण अशा रोपाला फुटवे कमी येतात. बियाणे टाकण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा, तरंगणारे काढून टाका, खालचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा.

रोवणी आटोपली की बांधावरून एक फेरी मारा. खेकड्यांची बिळे चिखलाने घट्ट बुजवा; एका बिळातून रात्रीत बांधी रिकामी होते. ओल नसताना युरिया फेकू नका. पाऊस आल्यावर एकदम जास्तही देऊ नका, ताण खाल्लेल्या पिकावर करपा रोग पटकन येतो. पावसाचा खंड लांबला तर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम 13:00:45 हे विद्राव्य खत घेऊन संध्याकाळी फवारा. थोडा धीर मिळतो, पाण्याची जागा मात्र ते घेत नाही.

पानांकडे सकाळी आठच्या सुमारास बघा. दुपारी गुंडाळलेले पान संध्याकाळी उघडत असेल तर दम धरा. सकाळीच पान सुईसारखे दिसले तर पाणी द्यायची वेळ आली. बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) पाणी थोडेच असेल तर मोठा फुटवा उपटून बुंध्याशी ब्लेडने उभा चिरा. आत कापसाच्या बोंडुकल्यासारखी इवलीशी पांढरी लोंबी दिसली तर निसवायला अजून तीन-साडेतीन आठवडे अवकाश आहे. पाणी राखा, पोटरी फुगू लागली की द्या. पण भेगा खोल जाईपर्यंत थांबू नका, नाहीतर निम्मे पाणी भेगांतच जिरते.

निसवल्यावर पांढऱ्या लोंब्या दिसल्या तर फवारा उचलण्याआधी एक ओढून बघा. सहज निघाली आणि बुडाला कुरतडलेली असेल तर खोडकिडा. निघता निघत नसेल, खालचा भाग आवरणात अडकलेला असेल तर तो ताण. त्यावर औषध मारून पैसा जातो. बोडीत पाणी उरले असेल तर त्याच दिवशी सोडा, उशिराच्या फुटव्यांच्या लोंब्या अजून पोटरीत आहेत.